'जोरात'चं इंग्रजी काय?

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'खूप' म्हणायचं असेल तर 'स्विथे' म्हणत. खूप मोठा, खूप चांगला, खूप आवडला, सगळीकडे हाच शब्द. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजीतल्या महाकाव्यात तो आहे, त्या काळच्या धर्मग्रंथांच्या भाषांतरांतही आहे. तो आला 'स्विथ' या विशेषणावरून, आणि 'स्विथ'चा अर्थ बलवान. उजव्या हातालाही तेव्हा याच शब्दाचं एक रूप वापरत, कारण बहुतेकांचा तोच हात जास्त ताकदीचा. म्हणजे 'स्विथे'चा शब्दशः अर्थ होतो 'जोराने'.

आज लंडनमध्ये कुणाला 'स्विथे' म्हणून दाखवा, कुणालाही कळणार नाही. इंग्रजीतला सगळ्यात ताकदवान शब्द ताकद संपून मेला. त्याच्या जागी दुसरा आला, तोही थकला. मग तिसरा, चौथा, पाचवा. 'व्हेरी' या रांगेतलाच एक आहे.

हा इतिहास मला भाषाशास्त्रासाठी नको होता. मी सॉफ्टवेअर लिहितो. दिवसातला अर्धा वेळ इंग्रजीत लिहिलेल्या सूचना वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. 'स्ट्राँगली', 'हायली', 'डीपली', 'हेवीली' यांतला कुठला शब्द कुठे बसतो, हे विचारलं की उत्तर मिळतं, 'ऐकून ऐकून येतं.' ज्यांच्या घरात इंग्रजी ऐकूच आलं नाही त्यांनी काय करायचं? व्याकरणाच्या पुस्तकात नियम सापडत नाही, कारण इथे नियम कमी आणि इतिहास जास्त आहे. तो इतिहास कळला, तर पाठांतराचं ओझं बरंच हलकं होतं.

एक 'जोरात', पाच इंग्रजी शब्द

सुरुवात आपल्या घरापासून करू. मराठीत पाऊस जोरात पडतो. कुणी जोरात ओरडतं, कुणी जोरात मारतं, गाडी जोरात जाते, धंदाही जोरात चालतो. 'जोर' हा फारसी शब्द, अर्थ ताकद. एका शब्दात आपण ताकद, आवाज, वेग आणि भरभराट सगळं भागवतो.

हे डोक्यात असताना इंग्रजी लिहायला बसलं की हात आपोआप 'स्ट्राँगली'कडे जातो, कारण शब्दकोशात जोर म्हणजे 'स्ट्रेंग्थ'. पण इंग्रजीत पाऊस 'हेवीली' पडतो, मारतात 'हार्ड', ओरडतात 'लाउडली', गाडी जाते 'फास्ट'. आणि 'स्ट्राँगली'? ते मुख्यतः मताच्या शेजारी बसतं. शिफारस, विरोध, पाठिंबा, विश्वास, सहमती, आग्रह. वासाच्या आणि प्रभावाच्या शेजारीही चालतं. पण दमणं, झोपणं, समजणं, पाऊस पडणं यांच्याजवळ ते गेलं की वाक्य अडखळतं.

यात मजेची गोष्ट अशी की इंग्रजीतही 'जोरात'चा प्रवास ताकदीपासून वेगापर्यंत झालेला आहे, तोही दोनदा. पहिल्यांदा 'स्विथे'चा. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं, त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत 'स्विथे'चा अर्थ 'खूप'कडून 'झटपट'कडे सरकला. त्याचा जर्मन भाऊबंद 'गेश्विंड' आजही वेगवान याच अर्थाने शब्दकोशात आहे. दुसऱ्यांदा 'फास्ट'चा. हा शब्द मुळात पक्का, घट्ट, न हलणारा. घट्ट धरून पळणं म्हणजे जीव लावून पळणं, जीव लावून पळणं म्हणजे वेगाने पळणं, अशा पायऱ्यांनी तो वेगापाशी पोचला. जुना अर्थ मात्र एका कोपऱ्यात शिल्लक राहिला. गाढ झोपलेल्या माणसाला इंग्रजीत 'फास्ट अस्लीप' म्हणतात. तो वेगात झोपलेला नसतो, घट्ट झोपलेला असतो.

म्हणजे मराठी माणसाची 'जोरात'ची गफलत अडाणीपणाची नाही. ताकद, वेग आणि प्रमाण एकाच शब्दात बांधायची सवय इंग्रजीलाही होती. तिने पुढे खोल्या वेगळ्या केल्या, आपण वाडा एकत्र ठेवला.

खऱ्याचं खूप कसं झालं

'स्विथे' गेल्यावर त्याची जागा 'वेल' आणि 'फुल' या शब्दांनी घेतली. 'फुल' म्हणजे भरलेलं. चौदाव्या शतकात चॉसर लिहीत होता तेव्हा 'फुल'ची चलती होती. पंधराव्या शतकात 'राइट' पुढे आलं. ब्रिटनमध्ये मंत्र्यांना आजही 'राइट ऑनरेबल' म्हणतात, त्यातला 'राइट' म्हणजे 'अत्यंत'. पदवीत अडकला म्हणून तो वाचला.

मग आलं 'व्हेरी'. जुन्या फ्रेंच भाषेत 'व्हेराय' म्हणजे खरा, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'वेरुस'. 'व्हेरिफाय' आणि 'व्हर्डिक्ट' हे त्याच घराण्यातले. तेराव्या शतकात इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ फक्त 'खरा' होता. चॉसर आपल्या सरदाराला हे विशेषण लावतो ते 'खराखुरा' या अर्थाने. आता असं बघा, 'खरा थोर माणूस' असं शंभर वेळा ऐकल्यावर कानाला 'खरा' हा शब्द खरेपणाचा वाटत नाही, थोरपणाला जोर देणारा वाटतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'व्हेरी'चं हे स्थलांतर झालं होतं, आणि त्यानंतर त्याने जवळपास सगळं मैदान मारलं. आपण 'खरंच सुंदर' म्हणतो तेव्हा हेच करत असतो.

या जन्मकथेत एका नेहमीच्या अडचणीचं उत्तर आहे. 'मला हे खूप आवडतं' याचं इंग्रजी करताना अनेक जण 'आय व्हेरी लाइक' लिहितात. मराठी 'खूप' विशेषणालाही चालतो आणि क्रियापदालाही. 'स्विथे'सुद्धा दोन्हींना चालायचा. पण 'व्हेरी' विशेषणाच्या पंगतीत वाढला, 'खरा थोर' असा विशेषणांना चिकटूनच तो क्रियाविशेषण झाला, आणि एकटा क्रियापदाच्या शेजारी बसायला तो कधी शिकलाच नाही. तिथे त्याला 'मच'ची सोबत लागते.

आपल्या 'खूप'ची गोष्टही फारशी वेगळी नाही. तो फारसी 'खूब'. अर्थ, चांगला. त्यांचं 'खरं' घासून 'खूप' झालं, आपलं 'चांगलं' घासून 'खूप' झालं. 'जबरदस्त'मध्ये फारसीतला 'जबर' म्हणजे वरचा आणि 'दस्त' म्हणजे हात, ज्याचा हात वर तो. आता आपण आइस्क्रीमलाही जबरदस्त म्हणतो.

भीती, वेदना आणि घासलेलं नाणं

शब्दाचा मूळ अर्थ असा फिका होत जाण्याला भाषाशास्त्रात रंग उडणं म्हणतात. हा रंग टप्प्याटप्प्याने उडतो. 'टेरिबली' म्हणजे भीती वाटेल असं. आधी ते वाईट गोष्टींच्याच जवळ बसायचं, भयंकर आजारी, भयंकर दुखणं. मग कुणीतरी 'भयंकर चांगला' म्हटलं आणि लोकांना ते खटकलं नाही. त्या क्षणी भीती गेली, उरलं फक्त प्रमाण. 'ऑफुली'चंही तेच. मराठीत 'मला ते गाणं भयंकर आवडतं' म्हणताना आपल्यालाही कुठे भीती वाटते?

जर्मन भाषेतला 'खूप'साठीचा रोजचा शब्द आहे 'झेअर'. त्याचा मूळ अर्थ वेदनेने. इंग्रजी 'सोर', म्हणजे दुखरा, हा त्याचाच सख्खा भाऊ, आणि तोही एकेकाळी 'खूप' म्हणून चालायचा. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये माणसं घाबरतात तेव्हा ती 'सोर' घाबरतात. इंग्रजीत भावाने ती नोकरी सोडली, जर्मनीत तो कायम झाला.

म्हणून एक कसोटी हाताशी ठेवायला हरकत नाही. एखादं क्रियाविशेषण चांगल्या आणि वाईट, लहान आणि मोठ्या, सगळ्या शब्दांशेजारी बिनदिक्कत बसत असेल, तर त्याचा रंग पूर्ण उडालाय, ते कुठेही वापरा. 'व्हेरी' आणि 'रिअली' तसे आहेत. पण ज्यांचा रंग अजून शिल्लक आहे, ते आपापल्या मूळ अर्थाच्या आसपासच राहतात. 'डीपली'मध्ये खोली आहे, म्हणून ते कृतज्ञता, दुःख, चिंता अशा आत उतरणाऱ्या गोष्टींबरोबर येतं. 'हेवीली'मध्ये वजन आहे, म्हणून पाऊस, कर्ज, दारू आणि एखाद्यावर टाकलेला भार. 'बिटरली' हा शब्द 'चावणे' या क्रियापदाच्या कुळातला. म्हणून थंडी 'बिटरली' असते, आपली बोचरी असते तशी. 'हायली'मध्ये उंची आहे, म्हणून ते कौतुकाबरोबर आणि शक्यतेबरोबर शोभतं.

'हायली रेकमेंड' आणि 'स्ट्राँगली रेकमेंड' यांतला फरक इथे उलगडतो. पुस्तक आवडलं म्हणून मित्राला सुचवताना पहिलं, कारण त्यात पुस्तकाला वर बसवणं आहे. डेटाचा बॅकअप घ्या, नाहीतर पस्तावाल, असं सांगताना दुसरं, कारण त्यात समोरच्याला ढकलणं आहे. मराठीत आपण हे न शिकवता बरोबर करतो. विरोध कडाडून होतो, मार सपाटून बसतो, नकार साफ असतो, शंका दाट असते, आणि झोप गाढ. कडाडून झोप कुणी काढत नाही.

पोरी, पोरं आणि बिघडलेली भाषा

दर पिढीला वाटतं की आपल्यानंतर भाषा बिघडली. १७५४ मध्ये लंडनच्या 'द वर्ल्ड' या साप्ताहिकात लॉर्ड चेस्टरफील्डने सॅम्युएल जॉन्सनच्या येऊ घातलेल्या शब्दकोशाची शिफारस करताना बायकांच्या बोलण्याची थट्टा केली. तेव्हा 'वास्टली' या शब्दाची फॅशन होती, म्हणजे अफाट. एक बाई इवलीशी तपकिरीची डबी बघून ती अफाट छोटी आहे म्हणून अफाट गोंडस आहे, असं म्हणते, हा त्याचा विनोद. विनोद चांगला आहे. पण वर सांगितलेल्या कसोटीवर बघितलं तर त्या बाईने काय केलं? अफाट हा शब्द लहान वस्तूला लावून त्याचा रंग पूर्ण उडाल्याची नोंद दिली. 'व्हेरी' लावणारे चेस्टरफील्डचे पूर्वजही तेच करत होते.

१९२२ मध्ये ऑटो येस्पर्सन या मोठ्या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने आपल्या 'लँग्वेज' या पुस्तकात स्त्रियांच्या भाषेवर वेगळं प्रकरण लिहिलं आणि अशा शब्दांची आवड स्त्रियांच्या अतिशयोक्तीच्या खात्यावर टाकली. चेस्टरफील्डची साक्ष त्यालाही हवी होतीच. १९७५ मध्ये रॉबिन लेकॉफने 'लँग्वेज अँड वुमन्स प्लेस' या पुस्तकात 'सो'सारख्या शब्दांकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. स्त्रिया असं बोलतात ते त्यांना समाजात मिळालेल्या जागेमुळे, आणि मग तसं बोलण्यावरूनच त्यांना गांभीर्याने घेतलं जात नाही, असा तिचा रोख होता.

नंतर लोकांनी मतांऐवजी मोजमाप सुरू केलं. रिका इतो आणि साली टॅग्लियामोन्टे यांनी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या माणसांची बोलणी तपासून २००३ मध्ये निष्कर्ष छापले. म्हातारी माणसं 'व्हेरी' म्हणत होती, तरुण 'रिअली'कडे वळले होते. शिवाय मध्ययुगातले 'राइट' आणि 'वेल' यॉर्कमध्ये अजून जिवंत होते. अडगळीत टाकलेले शब्द मरत नाहीत, वाट बघत बसतात. २००५ मध्ये टॅग्लियामोन्टे आणि ख्रिस रॉबर्ट्स यांनी 'फ्रेंड्स' या मालिकेचे संवाद मोजले. पहिला क्रमांक 'सो'चा, दुसरा 'रिअली'चा, 'व्हेरी' तिसरा. आणि 'सो' जास्त वापरणाऱ्या होत्या मालिकेतल्या मुली.

म्हणजे बायका असे शब्द पुढे नेतात, हे निरीक्षण पूर्ण खोटं नव्हतं. खोटा होता त्यावरचा निकाल. सवयीने बोथट झालेल्या शब्दाच्या जागी धारदार शब्द आणणं हे भाषेचं रोजचं देखभालीचं काम आहे. ते करणाऱ्याला बिघडवणारा म्हणायचं आणि दोन पिढ्यांनी तोच शब्द शिष्टसंमत म्हणून पोरांना शिकवायचा, हे अडीचशे वर्षं चाललंय. 'लय', 'जाम', 'बेक्कार भारी' यांवर नाक मुरडणाऱ्यांनी एकदा 'प्रचंड'मधला 'चंड' तपासावा. तो उग्र, रागीट आहे. 'प्रचंड आवडलं' हेही कधीतरी कुणाला खटकलं असेल.

जोर मोजायचा कसा

गप्पांत शब्द बोथट झाला तर बिघडत नाही. पण काही ठिकाणी त्याची किंमत पडते.

१९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने एक अंदाज लिहिला. सोव्हिएत गट युगोस्लाव्हियावर हल्ला करेल याची 'गंभीर शक्यता' आहे. त्या कामातले एक प्रमुख शर्मन केंट यांना एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, पासष्ट-पस्तीस, हल्ल्याच्या बाजूने. विचारणारा हादरला, त्याने बरीच कमी शक्यता धरली होती. मग केंटनी अहवाल लिहिणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनाच विचारलं. उत्तरं वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत पसरली. सगळ्यांनी एकाच वाक्यावर मान डोलावली होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं युद्ध होतं. हा किस्सा केंटनी १९६४ मध्ये लिहिला आणि शब्दांना टक्केवारी जोडून द्यावी असं सुचवलं.

त्याआधी १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मतं मोजण्यासाठी पाच पायऱ्यांची पट्टी मांडली होती. दोन टोकांना त्याने 'स्ट्राँगली' ठेवलं. आज प्रत्येक फीडबॅक फॉर्ममध्ये 'स्ट्राँगली अ‍ॅग्री'वर आपण बोट ठेवतो ती ही पट्टी. इथे शब्दाचा जोर त्याच्या अर्थात नसून जागेत आहे, शेजारी साधं 'अ‍ॅग्री' आहे म्हणून 'स्ट्राँगली'ला वजन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांतही निषेध, तीव्र निषेध, अत्यंत कडक शब्दांत निषेध अशा पायऱ्या असतात. मुत्सद्दी लोक पायरी वाचतात.

आमच्या धंद्याने तिसरा मार्ग काढला. इंटरनेट चालतं ते वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच लेखी नियमावलीप्रमाणे वागतात म्हणून. त्या नियमावलीत 'हे जोर देऊन सुचवतो' असं लिहिलं तर एक कंपनी ते पाळेल, दुसरी सोडून देईल, आणि दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलणार नाहीत. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांनी दोन-तीन पानांचा एक दस्तऐवज लिहिला, आरएफसी २११९. त्यात 'मस्ट', 'शुड', 'मे' अशा मोजक्या शब्दांचे अर्थ बांधून दिले. 'मस्ट' म्हणजे सूट नाही. 'शुड' म्हणजे खास कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम पूर्ण समजून घेऊन. 'मे' म्हणजे तुमची मर्जी. त्या यादीत 'व्हेरी' नाही, 'स्ट्राँगली'ही नाही. तरीही लोकांत घोळ झालाच. मजकुरात सहज आलेला 'शुड' आणि नियमातला 'शुड' वेगळे ओळखायचे कसे? २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ काढून स्पष्ट करावं लागलं की हे अर्थ शब्द कॅपिटल अक्षरांत असेल तेव्हाच लागू.

कमेंट लिहिताना

कोड रिव्ह्यूमध्ये मी पाहतो, मराठी माध्यमातून आलेली, कामात पक्की मुलं साध्या सूचनेलाही 'आय स्ट्राँगली सजेस्ट' लिहितात. त्यांना म्हणायचं असतं, 'जमलं तर बघा, पण मला मनापासून वाटतं.' वाचणाऱ्याला दिसतं, 'हे केल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही.' उलटंही होतं. खरोखर धोक्याची जागा दाखवताना ती 'प्लीज' लावून मऊ लिहितात आणि वाचणारा पुढे निघून जातो. माणूस उद्धट किंवा बुळा ठरतो, आणि कारण असतं एक क्रियाविशेषण. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की या शब्दाचा रंग अजून उडालेला नाही, तो अजून ढकलतो.

म्हणून माझा साधा क्रम असा. मत, आग्रह, विरोध असेल आणि तो खरोखर तेवढाच असेल, तर 'स्ट्राँगली'. गोष्ट आवडली म्हणून सांगायची असेल तर 'हायली'. मनाला लागलं असेल तर 'डीपली'. क्रियापदाला नुसतं प्रमाण हवं असेल तर शेवटी 'अ लॉट' किंवा 'व्हेरी मच'. शंका आली तर मराठीत 'जोरात' काढून बघायचं, की इथे नेमकं काय आहे, वजन, आवाज, वेग, की आग्रह? उत्तर मिळालं की इंग्रजी शब्द बहुतेक वेळा सापडतो. आणि काम अडणार असेल तर क्रियाविशेषण सोडून द्यायचं आणि परिणाम लिहायचा: 'हे असंच गेलं तर महिनाअखेरीस बिलं दोनदा निघतील.' या वाक्यात जोर देणारा एकही शब्द नाही. ते वाचून कुणी पुढे निघून जात नाही.